कापड पुढे कोण सरकवतं?

शिलाई यंत्राचा इतिहास सांगताना आपण सुईच्या टोकाजवळच्या भोकापाशीच थांबतो. पण कापड सरकवणंही तितकंच अवघड होतं. अमेरिकेत एलियास होवे याच्या १८४६च्या यंत्रात ते पिनांच्या पट्टीला अडकवावं लागे. पट्टी संपली की शिवण थांबे. १८५४ साली ॲलन विल्सनने खालून सरकणाऱ्या दात्यांचं पेटंट घेतलं: वर, पुढे, खाली, मागे. घरोघरच्या यंत्रांत आजही हेच दाते दिसतात.

यंत्रावर गोधडी घातली, की मात्र त्यांची मर्यादा कळते. खालचा थर दात्यांबरोबर जातो. वरचा, दाबून धरणाऱ्या पायाला घासून मागे रेंगाळतो. चुण्या पडतात. (हाताने शिवताना हे होत नाही, तिथे कापड जागेवर, चालते ती सुई!) ‘वॉकिंग फूट’ला म्हणून स्वतःचे दाते असतात. खालचे दाते पुढे जाताना तेही वरचा थर धरून सोबत सरकतात, आणि ते खाली उतरले की उचलले जातात.