ज्येष्ठांचे बाह्यरुग्ण पुनर्वसन व लिंगभेद (जालना जिल्हा)

रुग्णालयात दाखल न होता ठरावीक दिवशी येऊन घेतलेले व्यायाम व भौतिकोपचार म्हणजे बाह्यरुग्ण पुनर्वसन. 2010-11 मध्ये सुरू झालेल्या ज्येष्ठांच्या राष्ट्रीय आरोग्य कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयांसाठी त्याची तरतूद आहे. गुडघ्यांची झीज आणि ठिसूळ हाडांमुळे होणारे खुब्याचे अस्थिभंग स्त्रियांत अधिक. जालन्याच्या कापूसपट्ट्यात वाकून केलेली वेचणी आणि उकिडवे बसून उरकलेली घरकामे दुखण्यात भर घालतात. स्त्रिया उपचाराला कमी आल्या, म्हणजे त्यांना गरज कमी, असे मुळीच नाही. 2017-18 च्या ‘लासी’ या देशव्यापी पाहणीत रोजच्या हालचालींतील अडचणी वृद्ध स्त्रियांत पुरुषांपेक्षा जास्त आढळल्या.

एसटीत 2022 पासून पंचाहत्तरीपुढच्यांना मोफत प्रवास आणि 2023 पासून स्त्रियांना निम्मे भाडे आहे. मग उपचाराला येण्यात अडचण उरली कुठे, असा आक्षेप घेतला जातो. सवलत मोलाचीच आहे. पण मंठ्याहून किंवा जाफराबादहून जालन्याला यायचे तर अख्खा दिवस मोडतो, दुखऱ्या गुडघ्याने एसटीची उंच पायरी चढावी लागते आणि सोबत कुणीतरी लागते. नवऱ्याच्या सोबतीला बहुधा बायको असते. उतारवयात वैधव्य स्त्रियांच्याच वाट्याला अधिक येत असल्याने त्यांतील अनेकींना अशी सोबत नसते. म्हणूनच हे व्यायाम गावच्या उपकेंद्रात शिकवणे तिकिटाच्या सवलतीपेक्षा अधिक निकडीचे आहे.