दुबार पेरणी आणि दुसरी परीक्षा



व्यवस्थापनशास्त्राच्या प्रवेशपरीक्षेला बसलेला, परंतु मनातल्या संस्थेपर्यंत न पोहोचलेला पदवीधर आज बीदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांतील अनेक घरांत आढळतो. आणखी एक वर्ष खर्चून पुन्हा बसावे की नाही, हा त्याच्यापुढील प्रश्न. वडीलधाऱ्यांचे उत्तर बहुधा तयार असते. कोणी म्हणते, जिद्द सोडू नकोस. कोणी म्हणते, वय निघून चालले. इतिहासाची साक्ष काढली तर दोन्ही उत्तरे अपुरी ठरतात.

चीनमध्ये राजसेवेच्या परीक्षा सुमारे तेराशे वर्षे चालल्या आणि १९०५ साली बंद झाल्या. तेथे केस पिकेपर्यंत पुन्हा पुन्हा बसणारे उमेदवार होते. आपल्याकडे याच्या उलट घडले. सनदी नोकरीची स्पर्धा परीक्षा १८५५ पासून लंडनमध्ये सुरू झाली, आणि १८७८ पासून तिची कमाल वयोमर्यादा एकोणीस वर्षांवर आणली गेली. समुद्र ओलांडून परक्या भाषेत उत्तरे लिहिणाऱ्या हिंदी तरुणाला दुसरी संधी जवळजवळ उरलीच नाही. सुरेंद्रनाथ बॅनर्जी यांनी याविरुद्ध देशभर दौरा केला. एके ठिकाणी अमर्याद संधी, दुसऱ्या ठिकाणी एकच! संधी किती मिळाव्यात हे उमेदवाराच्या योग्यतेवरून ठरत नाही. परीक्षा घेणारा ते आपल्या सोयीने ठरवतो. म्हणूनच पहिल्या खेपेचे अपयश हा माणसाच्या किमतीचा निवाडा समजू नये.

आपल्या भागाला तर हे अधिकच लागू पडते. निजामाच्या राज्यात १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते. घरात मराठी किंवा कन्नड बोलणारा मुलगा उच्च शिक्षणाच्या दारात आधी भाषेशी झुंजत असे. १९३८ साली ‘वंदे मातरम्’ म्हणण्यावरून विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आले, तेव्हा त्यांतील अनेकांनी नागपूर विद्यापीठाचा रस्ता धरला आणि शिक्षण पुरे केले. त्यांचा वेळ गेला, परंतु त्यांना कोणी नापास म्हटले नाही. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामी राजवट संपली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बीदर जिल्ह्याची वाटणी झाली: उदगीर, अहमदपूर, निलंगा मुंबई राज्यात गेले, बीदर, भालकी, हुमनाबाद म्हैसूर राज्यात राहिले. ज्या पिढीने एवढ्या अवधीत राजभाषा बदलताना पाहिली, तिला दुसऱ्या खेपेचा अर्थ समजावून सांगावा लागत नव्हता.

आता आजच्या परीक्षेकडे वळू. कलकत्ता आणि अहमदाबाद येथील भारतीय व्यवस्थापन संस्था १९६१ च्या. त्यांच्या प्रवेशाची ‘कॅट’ परीक्षा वर्षातून एकदा होते. कितीदा बसावे यावर बंधन नाही, मात्र गुण त्या एका प्रवेशवर्षापुरतेच धरले जातात. नोव्हेंबर २००३ मध्ये तिची प्रश्नपत्रिका फुटली आणि फेब्रुवारी २००४ मध्ये सर्वांनाच पुन्हा बसावे लागले. तेव्हा दुसरी खेप हा कोणाचाही दोष नव्हता.

निर्णयासाठी आपल्या शेतकऱ्याकडेच जावे. मृगाचा पाऊस दगा देतो, उगवण होत नाही, तेव्हा तो दुबार पेरणीचा विचार करतो. पण विचार करतो, हे महत्त्वाचे. पहिल्यांदा काय चुकले, हे तो आधी पाहतो. बियाणे की पाऊस? तसेच विद्यार्थ्याने पाहावे. इंग्रजी उतारे वेळेत वाचून झाले नाहीत, ही उणीव वर्षभराच्या नेमाने भरून निघते. पण सर्व तयारी होऊनही आकड्यांत मनच रमत नसेल, तर आणखी एक वर्ष तेच सांगेल. शिवाय पर्सेंटाइल हे सापेक्ष माप आहे: आपल्याबरोबर इतरही पुढे सरकतात.

मग शेतकरी ओल पाहतो, म्हणजे हाती काय उरले ते. अंतिम निवडीत अनेक संस्था दहावी, बारावी आणि पदवीचे गुणही धरतात. ते आता बदलणार नाहीत. नोकरीचा अनुभव मात्र वाढवता येतो. म्हणून नोकरी करीत पुन्हा बसणे आणि घरी रिकामे राहून पुन्हा बसणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. क्लासच्या शुल्कासाठी शेत गहाण टाकावे लागत असेल, तर तो हिशेब मुलासमोर उघड मांडावा. त्याच्यापासून लपवू नये.

शेवटी, दिवस फार गेले असतील तर शहाणा शेतकरी मूग-उडदाचा हट्ट सोडून तूर पेरतो. त्याला कोणी हरला म्हणत नाही. २०१२ च्या घटनादुरुस्तीने आलेल्या कलम ३७१ (जे) मुळे या भागातील शिक्षणसंस्थांत स्थानिक विद्यार्थ्यांसाठी जागा राखल्या जातात. मराठी मातृभाषेच्या सीमाभागातील उमेदवारांसाठी महाराष्ट्राच्या प्रवेशनियमांतही तरतूद आहे. ही दारे उणी नव्हेत. कोणते पीक घ्यायचे हे ठरले, म्हणजे बियाणे कोणते हे ठरवणे सोपे जाते.

माजी विद्यार्थ्यांकडे माझे एकच मागणे आहे. शाळेत इंग्रजी वाचनाचा एक तास रोज चालेल अशी व्यवस्था आपण करावी. पुण्या-हैदराबादच्या मुलाला जे घरबसल्या मिळते, ते औराद-आळंदच्या मुलाला शाळेत मिळाले, तर त्याच्यापुढे दुसऱ्या खेपेचा प्रश्न कमी वेळा उभा राहील. आणि उभा राहिलाच, तर भीतीने नव्हे, हिशेबाने तो सोडवू शकेल.