ग्रामसभेचा नकार आणि जमिनीखालची पाईपलाईन

शहापूर तालुक्याचे मुंबईशी नाते जुने आहे आणि ते मुख्यतः नळांचे आहे. तानसाचे धरण 1892 साली पुरे झाले. त्यामागोमाग वैतरणेचे पाणी गेले, भातसेचे गेले. ज्या शिवारांतून हे अजस्र नळ मुंबईकडे जातात, तेथल्याच गावांना आणि पाड्यांना चैत्र-वैशाखात टँकरची वाट पाहावी लागते. ठाणे जिल्ह्याच्या माणसाला ही विसंगती इतकी अंगवळणी पडली आहे की तिचे आता कुणाला नवलही वाटत नाही. गेल्या दोन दशकांत मात्र या मुलखात निराळ्या जातीचे नळ आले. ते जमिनीखालून जातात आणि त्यांतून पाणी नव्हे, ज्वालाग्राही वायू वाहतो.

काकीनाड्याहून भडोचकडे जाणारी सुमारे 1,400 किलोमीटरची नैसर्गिक वायूची पाईपलाईन 2009 साली सुरू झाली. सह्याद्री उतरून ती ठाणे जिल्ह्यातून गुजरातकडे जाते. पुढे अमेरिकेहून दहेज बंदरात येणारा इथेन वायू नागोठण्याच्या कारखान्याला पोचवणारी पाईपलाईन आली. पूर्वेला डोंगर आणि पश्चिमेला खाडी व शहरे, अशा या चिंचोळ्या पट्टीत उत्तर-दक्षिण जाणाऱ्या कोणत्याही मार्गाला शहापूर, भिवंडी, कल्याण, मुरबाड हे तालुके टाळणे अवघड आहे. अशा प्रकल्पाला नाही म्हणण्याचा अधिकार गावाला आहे काय, आणि असल्यास तो कोठे वापरायचा, मतपेटीत की ग्रामसभेत, हा प्रश्न म्हणून या तालुक्यांच्या दाराशी येऊन ठेपला आहे. त्याचे उत्तर शोधायचे तर कोकणपट्टीचा गेल्या पस्तीस वर्षांचा इतिहास चाळावा लागतो.

प्रथम कायदा पाहू. पाईपलाईनसाठी शेतकऱ्याची जमीन विकत घेतली जात नाही. 1962 च्या एका केंद्रीय कायद्यान्वये तिचा केवळ 'वापर हक्क' घेतला जातो. अधिसूचना निघाल्यापासून एकवीस दिवसांत हरकत नोंदवायची. सक्षम प्राधिकारी ती ऐकून घेतो, आणि बहुधा फेटाळतो. त्यानंतर सातबाऱ्यावर मालकाचे नाव तसेच राहते, पण त्या पट्ट्यावर घर बांधता येत नाही, विहीर वा तळे खोदता येत नाही, झाड लावता येत नाही. मूळ कायद्याने या हक्काची किंमत बाजारभावाच्या दहा टक्के ठरवली. भाताचे पीक घेता येते हे खरे. पण ज्याची सारी मालमत्ता एकर-दीड एकर आहे, त्याच्या मुलाने घर बांधायचे कोठे? भीतीही अनाठायी नाही. 27 जून 2014 रोजी आंध्र प्रदेशातील नगरम येथे वायुवाहिनी फुटून आग लागली आणि वीसहून अधिक माणसे पहाटेच्या झोपेत दगावली.

आता ग्रामसभेकडे वळू. संपूर्ण शहापूर तालुका आणि मुरबाडचा काही भाग घटनेच्या पाचव्या अनुसूचीखाली येतो. 1996 च्या पेसा कायद्याने अशा क्षेत्रातील ग्रामसभेला मोठा मान दिला. भूसंपादनापूर्वी तिचा किंवा पंचायतीचा सल्ला घेणे बंधनकारक केले. सल्ला आणि संमती यांत मात्र जमीन-अस्मानाचे अंतर असते. वनहक्क कायद्यानंतर केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने 3 ऑगस्ट 2009 रोजी परिपत्रक काढून वनजमीन वळवण्याआधी ग्रामसभेची संमती आवश्यक ठरवली, तेव्हा हे अंतर मिटते की काय असे वाटले. 5 फेब्रुवारी 2013 च्या परिपत्रकाने ते पुन्हा उघडे केले. रस्ते, कालवे, वीजवाहिन्या आणि पाईपलाईन या रेषेसारख्या जाणाऱ्या प्रकल्पांना संमतीच्या अटीतून सूट मिळाली. आदिम जमातींच्या मान्य झालेल्या हक्कांना बाध येत असेल तर तेवढी सूट नाही. आणि शहापूर-मुरबाडच्या पाड्यांत राहणारे कातकरी हे महाराष्ट्रातील अशा तीन जमातींपैकी एक आहेत! ज्या समाजाच्या पदरी बहुतेक वेळा साधे घराचे कागदही नसतात, त्याच्याच हक्कापाशी एक दार किलकिले राहिले आहे. पण हक्क 'मान्य झालेला' असावा लागतो, आणि दावे वर्षानुवर्षे तालुक्याच्या कपाटांत पडून राहतात.

त्याच 2013 साली, एप्रिल महिन्यात, सर्वोच्च न्यायालयाने ओडिशातील नियमगिरीचा निर्णय तेथल्या ग्रामसभांवर सोपवला होता. बारा ग्रामसभा भरल्या आणि बाराही ग्रामसभांनी बॉक्साईटच्या खाणीला नकार दिला. पुढे केंद्राला परवानगी नाकारावी लागली. डोंगर खणायचा असेल तर गावाला विचारा, डोंगराखालून नळ न्यायचा असेल तर विचारू नका, असा हा न्याय. यात आम्हांला तर्क सापडत नाही.

मुरबाडच्या लोकांना ग्रामसभेच्या ठरावाचे बळ ठाऊक आहे, ते काळू नदीच्या धरणामुळे. तेथील आदिवासी गावांनी धरणाविरुद्ध ठराव केले, श्रमिक मुक्ती संघटना न्यायालयात गेली, आणि वनखात्याची परवानगी नसताना चाललेले काम मुंबई उच्च न्यायालयाने 2012 साली थांबवले. धरण हा निराळा विषय खरा, पण आंदोलनात गर्दी विरली तरी ठरावाचा कागद टिकतो, हे त्या खोऱ्याने तेव्हा पाहिले.

कोळशाच्या बाबतीत या जिल्ह्याचा जुना अनुभव डहाणूचा. 1 ऑगस्ट 2014 पर्यंत डहाणू ठाणे जिल्ह्यातच होते. चिकूच्या वाड्या आणि आदिवासी पाडे यांच्या मुलखात 500 मेगावॅटचे औष्णिक वीजकेंद्र येणार म्हटल्यावर स्थानिक बागायतदार व पर्यावरणप्रेमी न्यायालयात गेले. केंद्र थांबले नाही. पण 1991 साली डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून घोषित झाला, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून डिसेंबर 1996 मध्ये न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण स्थापन झाले. या प्राधिकरणाने 1998 साली वाढवण बंदर नाकारले. धुरातील गंधक काढणारी यंत्रणा बसवण्याचा हुकूम कंपनीला दिला आणि ती 2007 साली बसेपर्यंत पाठपुरावा सोडला नाही. येथे मतपेटीचा संबंध आला नाही. दात असलेली एक संस्था आणि तिच्या शिरी एक ताठ कण्याचा माणूस, एवढ्यावर हे झाले. जानेवारी 2019 मध्ये धर्माधिकारी निवर्तले. 2023 साली त्याच प्राधिकरणाने वाढवण बंदराला हिरवा कंदील दाखवला.

मतपेटीवर विसंबलेल्यांची कहाणी गुहागर तालुक्यात घडली. 1992 मध्ये एन्रॉन कंपनीशी करार झाला. 1995 च्या विधानसभा निवडणुकीत हा प्रकल्प अरबी समुद्रात बुडवण्याची भाषा प्रचारसभांतून गाजली. लोकांनी विश्वासाने मते दिली, सरकार बदलले, आणि ऑगस्ट 1995 मध्ये करार खरोखरच रद्द झाला. अंजनवेल-वेलदूरच्या बाजूला त्या दिवशी काय आनंद झाला असेल! पाच महिने लोटले नाहीत तोच, जानेवारी 1996 मध्ये, त्याच सरकारने नवा करार मान्य केला. प्रकल्प 2,015 मेगावॅटचा होता, तो 2,184 मेगावॅटचा झाला. 1997 साली विरोध करणाऱ्या गावकऱ्यांवर, कोळी स्त्रियांवर लाठ्या चालल्या आणि तुरुंगाची दारे उघडली. अखेर प्रकल्प बंद पडला तो 2001 साली, वीज परवडेना म्हणून.

नाणारची गोष्ट याहून अलीकडची. 2017 साली राजापूर तालुक्यातील चौदा आणि देवगडमधील दोन गावांत वर्षाला सहा कोटी टन क्षमतेचा तेलशुद्धीकरण प्रकल्प योजला गेला. आंबा-काजूच्या बागांच्या गावांनी ग्रामसभांतून विरोधाचे ठराव केले. हे ठराव शासनाने वाचले की नाही कोण जाणे, पण 2019 ची लोकसभा निवडणूक समोर आली, युतीच्या वाटाघाटींत नाणार हा एक मुद्दा बनला, आणि 2 मार्च 2019 रोजी अधिसूचना रद्द झाली. गावांनी गुलाल उधळला. 2022 च्या जानेवारीत मात्र त्याच राजापुरातील बारसूची जागा सुचवणारे पत्र राज्याच्या मुख्यमंत्र्यांकडून दिल्लीला गेले, आणि ते मुख्यमंत्री नाणार रद्द करवून घेणाऱ्या पक्षाचेच होते. एप्रिल 2023 मध्ये माती परीक्षणासाठी यंत्रे आली तेव्हा बारसूच्या स्त्रिया रस्त्यावर आडव्या झाल्या.

आपण वसईकर तरी या अनुभवापासून कोठे दूर आहोत? गावे महानगरपालिकेत घालण्याच्या निर्णयाविरुद्ध 2009 साली आपल्या धर्मग्रामांतील घराघरांतून मतदान झाले आणि विवेक पंडित अपक्ष म्हणून निवडून आले. 2011 साली 29 गावे वगळण्याचा शासननिर्णयही निघाला, पण तो न्यायालयात अडकला. आमदार निवडून आणणे जमले; निर्णय अमलात आणणे ही निराळीच लढाई ठरली.

थेट प्रश्नावर थेट मत घेतल्याचे एकच ठळक उदाहरण आपल्या शेजारी आहे. 21 सप्टेंबर 2008 रोजी पेण तालुक्यातील बावीस गावांत महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठी जमीन द्यायची की नाही, यावर जिल्हाधिकाऱ्यांनी मतदान घेतले. शेतकरी रांगा लावून मतदान करून आले. त्या मतदानाला कायद्याचे बंधन नव्हते, तरी त्यानंतर ती योजना पुन्हा उभी राहिली नाही. इक्वेडोर देशाने 20 ऑगस्ट 2023 रोजी याच्या पुढचे पाऊल टाकले. यासुनीच्या अरण्यातील एका तेलसाठ्याला हात लावू नये, असा कौल सुमारे 59 टक्के मतदारांनी दिला, आणि तो कौल सरकारवर बंधनकारक होता.

पाच वर्षांतून एकदा दिलेल्या मताच्या बदल्यात गावाला वचन मिळते, आणि वचन देणारा पक्ष बदलतो किंवा स्वतःच फिरतो. ग्रामसभेच्या ठरावाला वचन लागत नाही. तो न्यायालयापुढे ठेवता येतो. म्हणून शहापूर-मुरबाडच्या गावांनी सरपंचाच्या निवडणुकीत जेवढा जीव ओतला, त्याच्या निम्मा तरी ग्रामसभेच्या इतिवृत्तात ओतावा, असे आम्हांला वाटते. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर या ठरलेल्या दिवशी सभा भरते. सर्वसाधारण ग्रामसभेच्या गणपूर्तीला मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी माणसे पुरतात. ती न जमल्यास सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही. नको ते ठराव अशाच रिकाम्या सभांत मंजूर होतात.

पेसाच्या महाराष्ट्र नियमांनी 2014 साली आणखी एक सोय केली आहे. महसुली गावात आठ-दहा पाडे असले तर एखाद्या पाड्याला स्वतंत्र गाव म्हणून, म्हणजेच स्वतःच्या ग्रामसभेसह, मान्यता मागता येते. पाड्यातील निम्म्याहून अधिक मतदारांनी ठराव करून तो उपविभागीय अधिकाऱ्याकडे द्यायचा असतो. पाईपलाईनची आखणी दाट वस्ती टाळून केली जाते, म्हणजे ती पाड्यांच्या माळावरून जाते. त्या माळाची ग्रामसभा मोठ्या गावाच्या चावडीत भरायची की पाड्याच्या आंब्याखाली, हे आता त्या पाड्याच्या अर्जावर अवलंबून आहे.