इंग्रजी वाक्यातील ‘कदमबांडे’ : खानदेशच्या इतिहाससाधनांतील एका विरळ आडनावाचा विचार

खानदेशच्या अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतील इतिहासाची साधने प्रामुख्याने मोडी कागदपत्रे व इंग्रजी दप्तर अशी दुहेरी आहेत. या दोहोंत एकच आडनाव दोन निरनिराळ्या व्याकरणांतून वावरते. त्यातून अभ्यासकाची कशी फसगत होते, हे प्रस्तुत लेखात मुख्यतः ‘कदमबांडे’ या आडनावाच्या आधारे पाहावयाचे आहे.

कदमबांडे हे धुळे-नंदुरबार भागाशी निगडित, इतरत्र क्वचितच आढळणारे आडनाव होय. कदम हे कुळ व बांडे ही त्याची शाखा. मराठीत ते एकच पद असून ‘कदमबांड्यांनी’ असे त्याचे एकत्रच सामान्यरूप होते. इंग्रजीत मात्र ते दोन सुटे शब्द झाले. या घराण्यातील कंताजींनी इ. स. १७२३ च्या सुमारास गुजरातेत चौथाईची मोहीम उघडली आणि १ एप्रिल १७३१ च्या डभईच्या लढाईत ते त्रिंबकराव दाभाड्यांच्या पक्षास होते. इंग्रजी वाक्यात ‘कंताजी’, ‘कदम’ व ‘बांडे’ हे तीन शब्द ओळीने आले की मराठी न जाणणारा वाचक ‘कदम’ हे पित्याचे नाव समजण्याचा संभव असतो. कारण मराठी माणसाचे नाव लिहिण्याचा क्रमच तसा आहे. सूचीत हे घराणे ‘क’खाली शोधावे की ‘ब’खाली, हा प्रश्न त्यातूनच उद्भवतो. त्यात वर्णलेखनाची भर. ग्रँट डफ यांच्या १८२६ च्या मराठ्यांच्या इतिहासातील विशेषनामांचे वळण आणि कॅम्पबेल यांनी संपादिलेल्या १८८० च्या खानदेश गॅझेटियरमधील वळण यांत इतका फरक आहे की, नवख्या विद्यार्थ्यास ही दोन भिन्न घराणी वाटावीत.

याहून महत्त्वाचा मुद्दा वचनाचा आहे. ‘होळकर खानदेशात उतरले’ या मराठी वाक्यातील क्रियापद आदरार्थी आहे की खरोखर अनेकवचनी, हे संदर्भाविना सांगता येत नाही. इंग्रजीला ही संदिग्धता परवडत नाही. तेथे एक पुरुष किंवा अनेक यांपैकी निवड करावीच लागते, आणि एक पुरुष निवडला की आदर गळून पडतो. आर्थर वेलस्ली यांच्या पत्रव्यवहारात होळकर व शिंदे ही नावे अशीच एकटी, एकवचनी येतात. शिंद्यांचे तर रूपही पालटले. मराठी कागदांतील ‘शिंदे’ इंग्रजीत ‘सिंदिया’ झाले आणि पुढे तेच स्वतंत्र आडनाव म्हणून रूढ झाले. १९१९ मध्ये स्थापन झालेल्या जहाज कंपनीनेही तेच धारण केले. गायकवाडांच्या नावामागे इंग्रजीने निश्चयवाचक उपपद लावले व आडनावाची पदवी केली. ६ जानेवारी १८१८ च्या मंदसोरच्या तहाने होळकरांनी सातपुड्याच्या दक्षिणेकडील मुलूख सोडला, तेव्हा खानदेशात ‘होळकर’ हे नाव व्यक्तीचे, घराण्याचे आणि राज्याचे असे तिहेरी वापरात होते. इंग्रजी लेखकाने त्यांतील कोणता अर्थ घेतला, यावर महसुली हक्काचा अर्थ बदलतो.

आता भडगावकडे वळू. गिरणाकाठच्या या तालुक्यात ‘पाटील’ हे आडनाव मुळीच विरळ नाही. पण इंग्रजी वाक्यात त्याचीही तीच गत. एकोणिसाव्या शतकातील कागदात ‘भडगावचा पाटील’ असा उल्लेख आला, तर तो वतनदार की केवळ त्या आडनावाचा गृहस्थ? देवनागरीत मोठे अक्षर नाही, आणि इंग्रजी कारकून हुद्द्यांनाही मोठे अक्षर देत असे. म्हणून त्या अक्षरावर विसंबता येत नाही. उपपद असेल तर बहुधा हुद्दा समजावा. मुलकी पाटलाचे पद १९६२ च्या कायद्याने रद्द झाल्यानंतर ही अडचण कमी झाली, संपली नाही. पोलीस पाटील आजही आहेतच.

अशा प्रत्येक ठिकाणी इंग्रजी वाक्य समकालीन मोडी कागदाशी ताडून पाहणे, एवढाच उपाय दिसतो. खानदेशात त्याची सोयही आहे. वि. का. राजवाडे यांच्या निधनानंतर, १९२७ साली धुळ्यात स्थापन झालेल्या राजवाडे संशोधन मंडळात त्यांचा कागदसंग्रह जतन केलेला आहे.