नाव आणि खेळ

‘ईए स्पोर्ट्स एफसी २४’ हा फुटबॉलचा व्हिडिओ गेम २९ सप्टेंबर २०२३ रोजी बाजारात आला. वसतिगृहातील एका विद्यार्थ्याच्या संगणकावर आम्ही तो प्रथम पाहिला, तेव्हा यात नवे काय, असाच प्रश्न आम्हांला पडला. मैदान तेच, प्रेक्षकांचा गजर तोच. नव्हते ते केवळ ‘फिफा’ हे नाव. परवान्याच्या वाटाघाटी फिसकटल्या आणि मे २०२२ मध्ये कंपनी व जागतिक महासंघ यांची फारकत जाहीर झाली. नावच तर बदलले, असे म्हणून विषय सोडून देता आला असता. परंतु या गेमचा इतिहास हा बऱ्याच अंशी नावांचाच इतिहास आहे.

मालिकेतील पहिला गेम डिसेंबर १९९३ मध्ये सेगाच्या यंत्रावर आला. त्यापूर्वीच्या ‘किक ऑफ’ (१९८९) आणि ‘सेन्सिबल सॉकर’ (१९९२) या गेममध्ये मैदान थेट वरून दिसे. नव्या गेमने ते तिरके केले आणि खेळणाऱ्याला जणू दूरचित्रवाणीसमोर बसवले. निवेदकाची जागा बदलली की कथा बदलते, हे साहित्याच्या अभ्यासकांना निराळे सांगायला नको. मात्र या खऱ्याखुऱ्या वाटणाऱ्या मैदानावरचे सारे खेळाडू काल्पनिक नावांचे होते. संस्थेचे नाव वापरण्याचा हक्क मिळाला होता, माणसांच्या नावांचा नव्हता. खेळाडूंची खरी नावे ‘फिफा ९६’मध्ये आली.

जपानच्या कोनामी कंपनीपुढेही हीच अडचण होती. तिच्या गेममध्ये ब्राझीलचा रॉबेर्तो कार्लोस ‘रॉबेर्तो लार्कोस’ होऊन वावरत असे. अक्षरांची अदलाबदल झाली, तरी खेळणाऱ्यांना ओळख पटत असे. कारण तुळतुळीत डोके आणि डाव्या पायाचा तो जबरदस्त फटका यांना परवाना लागत नव्हता. नाव खोटे, पण खेळ खरा, असा हा प्रकार होता.

२०२३ मध्ये १९९३ चे चित्र नेमके उलटे झाले. एकोणीस हजारांहून अधिक खेळाडू आणि सातशेहून अधिक संघ खऱ्या नावांनिशी हजर, आणि संस्थेचे नाव तेवढे गायब. आपली इंडियन सुपर लीगही ‘फिफा २२’पासून या मालिकेत आली, मुंबई सिटी आणि एफसी गोवा ही नावे पडद्यावर पाहून मराठी वाचकाला कौतुक वाटले तर नवल नाही. परंतु खरे नाव हा आता विक्रीचा मालही झाला आहे. ‘अल्टिमेट टीम’ या प्रकारात खेळाडूंची पत्ते भरलेली पाकिटे मिळतात आणि पैसे मोजूनही ती घेता येतात.

आमचा पहिला ग्रह मात्र त्या विद्यार्थ्याने खोडून काढला. याच ‘अल्टिमेट टीम’मध्ये स्त्रिया आणि पुरुष प्रथमच एका संघात आले आहेत, हे त्याने दाखवले. त्याच्या संघात आलेक्सिया पुतेयासने चेंडू पुढे दिला आणि एर्लिंग हालांडने गोल केला. दोन्ही नावे खरी. तो सामना मात्र जगातल्या कोणत्याही मैदानावर झालेला नाही. १९९३ साली खोट्या नावांनी शक्य असलेला सामना खेळला जात होता. तीस वर्षांनी खऱ्या नावांनी अशक्य सामना खेळला गेला. कल्पित साहित्याचे काम याहून फार वेगळे असते, असे आम्हांला वाटत नाही.