‘अपडेट सुरू आहे, कॉम्प्युटर बंद करू नका’. ऐन गर्दीत सेवा केंद्राचं काम का अडतं? वाचा सविस्तर

पीक विम्याची शेवटची तारीख, दाखल्यांसाठी लागलेली रांग आणि त्यातच सेवा केंद्रातला कॉम्प्युटर आपोआप रिस्टार्ट होतो. निळ्या स्क्रीनवर टक्के फिरत राहतात अन् अर्धा भरलेला अर्ज जातो. लोक केंद्रचालकावर चिडतात, पण त्याच्याही हातात त्या वेळी काही नसतं. हा प्रकार नेमका काय, ते पाहू.

अपडेट म्हणजे काय?
बहुतेक केंद्रांत मायक्रोसॉफ्टची ‘विंडोज’ ही प्रणाली असते. तिच्यातल्या त्रुटी सापडतात तशा कंपनी दुरुस्त्या पाठवते. महिन्याची मुख्य दुरुस्ती अमेरिकेत दुसऱ्या मंगळवारी सकाळी निघते. आपल्याकडे तेव्हा रात्र असते. म्हणून बुधवारी किंवा पुढच्या एक-दोन दिवसांत दुकान उघडलं की कॉम्प्युटर रिस्टार्ट मागतो.

विचारल्याशिवाय का होतं?
जुन्या विंडोजमध्ये अपडेट बंद ठेवता येत होतं. 2015 साली आलेल्या विंडोज 10 मध्ये, खास करून ‘होम’ प्रकारात, ती मोकळीक राहिली नाही. लोकांच्या तक्रारी वाढल्यावर 2019 मध्ये होमवाल्यांनाही काही दिवस अपडेट थांबवण्याची सोय मिळाली.

मग कायमचं बंद करावं का?
नाही. मे 2017 मध्ये ‘वॉनाक्राय’ व्हायरसनं जगभरातले कॉम्प्युटर कुलूपबंद करून खंडणी मागितली. इंग्लंडमधल्या सरकारी दवाखान्यांची कामं अडली. आंध्र प्रदेश पोलिसांचे काही कॉम्प्युटरही सापडले. त्यावरची दुरुस्ती कंपनीनं दोन महिने आधी, मार्चमध्येच दिली होती. ज्यांनी ती घेतली ते वाचले. सेवा केंद्रात गावाचे आधार, बँक पासबुक, सातबारा असे कागद असतात, त्यामुळे इथं धोका जास्त.

दुसरी बाजूही खरी आहे. ऑक्टोबर 2018 च्या मोठ्या अपडेटनं काही लोकांच्या फायलीच उडाल्या. कंपनीला ते अपडेट थांबवावं लागलं. म्हणून महत्त्वाच्या फायलींची एक प्रत पेनड्राइव्ह किंवा हार्डडिस्कवर वेगळी ठेवलेली बरी.

केंद्रचालकांनी काय करावं?
1) सेटिंग्जमध्ये ‘विंडोज अपडेट’ उघडून ‘ॲक्टिव्ह अवर्स’ लावा. जास्तीत जास्त 18 तास देता येतात. सकाळी 7 ते रात्री 10 लावलं तर कामाच्या वेळी आपोआप रिस्टार्ट होत नाही.
2) शेवटच्या तारखेचा आठवडा असेल तर ‘पॉज अपडेट्स’ दाबा. जास्तीत जास्त 35 दिवस थांबवता येतं. त्यानंतर अपडेट घ्यावंच लागतं.
3) मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम चालत असेल तर त्या वायफायच्या माहितीत ‘मीटर्ड कनेक्शन’ सुरू करा. बहुतेक अपडेट आपोआप उतरत नाहीत, डेटा वाचतो.
4) अपडेट संध्याकाळी काम आटोपल्यावर स्वतःच घ्या. लोडशेडिंगचं वेळापत्रक बघा, इन्व्हर्टर किंवा लॅपटॉपची बॅटरी भरलेली ठेवा. मध्येच लाईट गेली तर विंडोज बिघडू शकते.
5) वेबसाइटवर ‘ताबडतोब अपडेट करा’ अशी खिडकी उघडली तर क्लिक करू नका. विंडोजचं खरं अपडेट सेटिंग्जमध्येच दिसतं.

विंडोज 10 वाल्यांनी लक्ष द्या
14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10 चा नेहमीचा आधार संपला. कॉम्प्युटर चालू राहतो, पण नोंदणी करून वाढीव मुदत घेतल्याशिवाय सुरक्षेच्या दुरुस्त्या येत नाहीत. विंडोज 11 साठी किमान 4 जीबी रॅम, 64 जीबी जागा आणि टीपीएम 2.0 ही सुरक्षा सोय लागते. बऱ्याच जुन्या मशीनमध्ये ती नसते. नवीन मशीन घेण्याआधी दुकानदाराला हे विचारून घ्या.

गावकऱ्यांसाठी
शेवटच्या दिवसाची वाट पाहू नका, दोन-चार दिवस आधीच अर्ज भरा. काम मध्येच थांबलं तर अर्ज सबमिट झाला का, हे बघूनच केंद्रातून निघा. पोचपावती हातात आल्याशिवाय अर्ज भरला असं समजू नका.