नवी पिकअप गाडी घेताना : डिझेल की सीएनजी?

गुरुग्राममध्ये मालवाहतुकीसाठी नवी पिकअप गाडी घेणाऱ्यांपुढे डिझेल आणि सीएनजी असे दोन प्रमुख पर्याय आहेत. देशाच्या इतर भागांत हा निर्णय बहुधा इंधनाचा दर आणि गाडीचे मायलेज पाहून घेतला जातो. राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात मात्र तेवढ्यावर भागत नाही. गाडी कोणाच्या कामाला लावायची, तिला दिल्लीची हद्द ओलांडावी लागणार का आणि ती किती वर्षे वापरायची, या तीन प्रश्नांची उत्तरे आधी शोधावी लागतात. कर्जाचे हप्ते अनेक वर्षे चालतात. निर्णय चुकल्यास हप्ते सुरू आणि गाडी दारात उभी, अशी वेळ मालकावर येऊ शकते.

उपलब्ध पर्याय

मे २००५ मध्ये बाजारात आलेल्या 'टाटा एस' या वाहनाने छोट्या मालवाहतुकीचे चित्र बदलले. महाराष्ट्रात 'छोटा हत्ती' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या गाडीला आरंभी ७०२ सीसी क्षमतेचे, दोन सिलिंडरचे डिझेल इंजिन होते. त्यानंतर या वर्गातील बहुतेक उत्पादकांनी डिझेलच्या जोडीने सीएनजी गाड्याही आणल्या. टाटाची इंट्रा, महिंद्राची बोलेरो पिकअप आणि अशोक लेलँडची दोस्त ही त्याची उदाहरणे होत. मारुती सुझुकीने २०२० मध्ये डिझेल इंजिने बंद केल्याने त्या कंपनीची 'सुपर कॅरी' पेट्रोल आणि सीएनजी या दोनच प्रकारांत मिळू लागली. टोयोटा हायलक्स किंवा इसुझू व्ही-क्रॉस यांसारख्या मोठ्या, महागड्या पिकअप गाड्या भारतात डिझेलवरच विकल्या गेल्या आहेत. त्यामुळे डिझेल की सीएनजी हा प्रश्न मुख्यतः साडेतीन टनांपर्यंतच्या एकूण वजनाच्या व्यावसायिक गाड्यांपुरताच उरतो.

न्यायालयीन आदेशांची पार्श्वभूमी

दिल्ली परिसरात इंधनाच्या निवडीवर न्यायालयीन आदेशांचा प्रभाव दीर्घकाळ राहिला आहे. सर्वोच्च न्यायालयाने २८ जुलै १९९८ रोजी दिल्लीतील संपूर्ण बससेवा सीएनजीवर आणण्याचा आदेश दिला. हे काम २००२ च्या अखेरीस पूर्ण झाले. राष्ट्रीय हरित लवादाने एप्रिल २०१५ मध्ये दहा वर्षांपेक्षा जुन्या डिझेल वाहनांना राजधानी क्षेत्रात मनाई केली. पेट्रोल वाहनांसाठी ही मर्यादा पंधरा वर्षांची आहे. २९ ऑक्टोबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या मर्यादांवर शिक्कामोर्तब केले. गुरुग्राम जिल्हा राजधानी क्षेत्रातच येत असल्याने येथील वाहनांनाही त्या लागू झाल्या.

१२ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केवळ वयाच्या कारणावरून वाहनमालकांवर सक्तीची कारवाई करू नये, असा अंतरिम निर्देश दिला. १७ डिसेंबर २०२५ रोजी हे संरक्षण भारत स्टेज-४ आणि त्यापुढील मानकांच्या वाहनांपुरते मर्यादित करण्यात आले. या निर्देशांनी कारवाई थांबविली. मूळ मर्यादा मात्र त्यांनी रद्द केली नाही. नव्या डिझेल गाडीचा हिशेब मांडताना तिचे उत्पादक आयुष्य दहा वर्षांचे धरणे म्हणूनच शहाणपणाचे ठरते.

नवे निर्बंध

राष्ट्रीय राजधानी क्षेत्र आणि लगतच्या भागांसाठीच्या हवा गुणवत्ता व्यवस्थापन आयोगाने २०२५ मध्ये दिलेले दोन आदेश पिकअप खरेदीदारांच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत.

पहिला आदेश ताफ्यांविषयी आहे. ॲपवर चालणाऱ्या वाहतूक कंपन्या, घरपोच वितरण करणाऱ्या संस्था आणि ई-व्यापार कंपन्या यांना १ जानेवारी २०२६ पासून आपल्या ताफ्यात केवळ डिझेल किंवा केवळ पेट्रोलवर चालणारी नवी हलकी मालवाहू वाहने घेण्यास मनाई करण्यात आली. साडेतीन टनांपर्यंतच्या गाड्या या आदेशात येतात. मानेसर, बिलासपूर आणि फर्रुखनगर परिसरातील गोदामांमधून घरोघरी माल पोहोचविण्याचे काम मोठ्या प्रमाणावर अशाच कंपन्यांकडे आहे. या कामाला गाडी लावण्याचा विचार असेल, तर डिझेलचा पर्याय आधीच बाद झालेला आहे, हे ध्यानात घ्यावे लागेल. अशा खरेदीदारापुढे सीएनजी किंवा विजेवर चालणारी गाडी हेच मार्ग उरतात.

दुसरा आदेश दिल्लीतील प्रवेशाविषयी आहे. दिल्लीबाहेर नोंदणी झालेल्या आणि भारत स्टेज-६ पेक्षा खालच्या मानकाच्या व्यावसायिक मालवाहू वाहनांना १ नोव्हेंबर २०२५ पासून दिल्लीत प्रवेशबंदी करण्यात आली. त्यातून भारत स्टेज-४ वाहनांना ३१ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मुदत देण्यात आली. सीएनजी, एलएनजी आणि विजेवरील वाहनांना या बंदीतून वगळण्यात आले.

आज दुकानातून मिळणारी प्रत्येक नवी डिझेल गाडी भारत स्टेज-६ मानकाचीच असते. त्यामुळे या दुसऱ्या आदेशाने तिची अडवणूक होत नाही. प्रदूषण नियंत्रणाच्या टप्पानिहाय कृती आराखड्यातील चौथ्या टप्प्यातही भारत स्टेज-६ डिझेल मालवाहू वाहनांना दिल्लीप्रवेशाची मुभा ठेवण्यात आली आहे. तथापि, अनुभव वेगळे काही सांगतो. मार्च २०२० पर्यंत विकली गेलेली भारत स्टेज-४ डिझेल गाडी त्या वेळच्या नियमांत पूर्णपणे बसत होती. तीच गाडी हरियाणात नोंदलेली असल्यास सात वर्षे पूर्ण होण्याआधीच तिच्यासाठी दिल्लीचे दार बंद होण्याची तारीख ठरली. त्याच काळात घेतलेल्या सीएनजी गाडीवर ही वेळ आली नाही.

हिवाळ्यातील आणखी एक बाब लक्षात घेण्याजोगी आहे. आराखड्याच्या तिसऱ्या टप्प्यात बांधकामांवरच निर्बंध येतात. वीट, वाळू किंवा सिमेंट वाहणाऱ्या गाडीला तेव्हा काम मिळत नाही, मग ती कोणत्याही इंधनावर चालणारी असो.

इंजिनांतील फरक

डिझेल इंजिनात हवा प्रचंड दाबली जाते आणि त्या उष्णतेने इंधन पेट घेते. त्यामुळे कमी फेऱ्यांतही जोर मिळतो. भरलेला हौदा घेऊन चढण चढताना हा जोर उपयोगी पडतो. सीएनजी इंजिनात ठिणगीने ज्वलन होते. त्याचा आवाज कमी असतो आणि काजळी जवळजवळ होत नाही, मात्र पूर्ण भारासह चढावर गिअर अधिक वेळा बदलावा लागतो. गुरुग्राम परिसरातील रस्ते बहुतांशी सपाट असल्याने तेथे हा फरक फारसा जाणवत नाही. कसारा किंवा खंबाटकी घाटात रोज माल नेणाऱ्याला तो नक्कीच जाणवेल.

भारत स्टेज-६ डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडविणारी गाळणी असते. साठलेली काजळी जाळण्यासाठी धूर पुरेसा तापावा लागतो आणि त्यासाठी गाडी अधूनमधून सलग वेगाने धावावी लागते. दिवसभर चार-पाच किलोमीटरच्या फेऱ्या आणि वाहतूक कोंडीत उभी राहणारी गाडी असेल, तर गाळणी तुंबून दुरुस्तीचा खर्च वाढू शकतो. शहरांतर्गत कामासाठी डिझेल गैरसोयीचे ठरण्याचे हे एक कारण आहे.

सीएनजी गाडीत वायू सुमारे २०० बार दाबाखाली साठविला जातो. त्यासाठी लागणाऱ्या सिलिंडरचे वजन गाडीच्या भारवहन क्षमतेतून वजा होते. त्यामुळे एकाच गाडीच्या दोन प्रकारांची तुलना करताना नोंदणी पुस्तिकेत येणारी भारक्षमता पाहणे आवश्यक आहे. सिलिंडरची दर तीन वर्षांनी दाबचाचणी करून घ्यावी लागते. कारखान्यातून बसवून आलेली सीएनजी यंत्रणा बाहेरून बसविलेल्या यंत्रणेपेक्षा केव्हाही श्रेयस्कर, कारण नोंदणी, विमा आणि हमी या तिन्ही बाबतींत त्यामुळे अडचण येत नाही.

खर्चाचा हिशेब

एक किलो सीएनजीमध्ये एक लिटर डिझेलपेक्षा अधिक ऊर्जा असते. डिझेल इंजिन मात्र मिळालेल्या ऊर्जेचा वापर अधिक कार्यक्षमतेने करते. त्यामुळे किलोमागे आणि लिटरमागे मिळणाऱ्या अंतरात मोठी तफावत पडत नाही. प्रत्येक खरेदीदाराने स्वतःचे आकडे घालून हिशेब करावा. त्याची रीत पुढीलप्रमाणे आहे.

समजा, डिझेल ९० रुपये लिटर असून गाडी लिटरला १५ किलोमीटर धावते. म्हणजे किलोमीटरला ६ रुपये पडतात. सीएनजी ८५ रुपये किलो असून गाडी किलोला १७ किलोमीटर धावते असे धरले, तर किलोमीटरला ५ रुपये पडतात. महिन्याला २,५०० किलोमीटर धाव असल्यास बचत २,५०० रुपये होते. दोन गाड्यांच्या किमतीत ५० हजार रुपयांचा फरक असेल, तर तो २० महिन्यांत भरून निघतो. महिन्याची धाव १,००० किलोमीटरच असेल, तर त्यालाच ५० महिने लागतात.

या हिशेबात दोन गोष्टी धराव्या लागतात. पहिली म्हणजे पंपावरील रांग. रोजचा एक तास रांगेत जाऊन एक फेरी बुडत असेल, तर इंधनातील बचत त्यातच संपते. दुसरी म्हणजे दराची अनिश्चितता. देशाला लागणाऱ्या नैसर्गिक वायूपैकी सुमारे निम्मा आयात होतो. ऑक्टोबर आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये शहर वायू वितरण कंपन्यांना मिळणाऱ्या स्वस्त देशी वायूच्या पुरवठ्यात कपात करण्यात आली आणि त्यानंतर अनेक शहरांत सीएनजी महागला. आजचा फरक पुढील आठ वर्षे तसाच राहील, असे गृहीत धरता येत नाही.

पुरवठ्याची स्थिती

२०१४ च्या सुमारास देशात साडेसातशेच्या आत सीएनजी पंप होते. २०२४ अखेर ही संख्या सात हजारांपलीकडे गेली. तरीही लांब पल्ल्याच्या वाहतुकीत डिझेलची खात्री अधिक आहे. गुरुग्राममधून जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४८ पुढे जयपूर, अहमदाबाद, मुंबई, पुणे आणि कोल्हापूरमार्गे दक्षिणेकडे जातो. या मार्गावर नियमित माल नेणाऱ्याला आडवाटेवर आणि रात्रीच्या वेळीही डिझेल मिळते.

वायुपुरवठा खंडित झाल्यास काय होते, याचा अनुभव मुंबईने नोव्हेंबर २०२५ मध्ये घेतला. मुख्य वायुवाहिनीला हानी पोहोचल्याने मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईतील सीएनजी पंपांवर परिणाम झाला आणि रिक्षा-टॅक्सी चालकांचे हाल झाले. पेट्रोलची टाकी असलेली दुहेरी इंधनाची सीएनजी गाडी अशा प्रसंगी चालू राहते. काही गाड्यांत ही टाकी केवळ पाच लिटरची असते. खरेदीपूर्वी तिची क्षमता विचारून घ्यावी.

महाराष्ट्रातील खरेदीदारांसाठी

दिल्लीतील निर्बंध महाराष्ट्रात लागू नाहीत. मात्र मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये मुंबई महानगर क्षेत्रातून डिझेल आणि पेट्रोल वाहने टप्प्याटप्प्याने हटविणे शक्य आहे का, याच्या अभ्यासासाठी समिती नेमण्याचे निर्देश दिले आणि राज्य शासनाने तशी समिती स्थापन केली. मुंबई-ठाण्यात आज गाडी घेणाऱ्यांनीही ही दिशा लक्षात ठेवणे हिताचे आहे.

निवड कशी करावी

वितरण किंवा ई-व्यापार कंपनीच्या ताफ्यात गाडी लावायची असल्यास राजधानी क्षेत्रात डिझेल घेऊ नये. खांडसा मंडई, उद्योग विहार आणि दिल्ली यांच्या दरम्यान रोज ठराविक फेऱ्या करणाऱ्यांना सीएनजी सोयीची ठरते, परंतु पंप वाटेवर असावा आणि तेथील रांग गर्दीच्या वेळी प्रत्यक्ष पाहून यावी. जड माल, घाटरस्ते आणि राज्याबाहेरच्या फेऱ्या हेच मुख्य काम असल्यास भारत स्टेज-६ डिझेल गाडी आजही योग्य आहे. मात्र तिची किंमत सात-आठ वर्षांत वसूल होईल असा हिशेब असावा. दहावे वर्ष जवळ येण्याची वाट न पाहता, नाहरकत प्रमाणपत्र घेऊन ती राजधानी क्षेत्राबाहेर विकण्याची तयारीही ठेवावी.